त्सोलफेराइनची कोळसाखाण आणि काळाचौकीची गिरणी : बंद कारखान्याचे सांस्कृतिक केंद्र टिकते कसे?

धागाकर्ता : रूरकाठचा

नमस्कार.

काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर मुंबई महापालिकेने हाती घेतलेल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाचा विषय निघाला की कोणीतरी जर्मनीतील त्सोलफेराइन खाणीचे छायाचित्र पुढे करतो. तांबूस लोखंडी मनोरा, त्यावरची भली मोठी चाके, आणि खाली ‘आपल्याकडे असे का होत नाही?’ हा ठरलेला प्रश्न. मी रूर खोऱ्यात, त्या मनोऱ्यापासून ट्रामच्या अंतरावर राहतो आणि तेथे माझे नेहमी जाणे-येणे असते. छायाचित्रात जे दिसत नाही, म्हणजे ही जागा रोजच्या रोज चालते कशी, तिचा भार कोण उचलतो आणि तेथे कोणकोणत्या गोष्टी मुद्दाम केल्या गेल्या नाहीत, त्याविषयी हा धागा आहे.

आधी थोडा इतिहास. एसेन शहराच्या उत्तरेला फ्रान्झ हानिएल या उद्योजकाने १८४७ साली ही खाण सुरू केली. आज जो मनोरा दिसतो तो मात्र बाराव्या विहिरीचा (विहीर म्हणजे कोळसा वर काढण्याची उभी, खोल वाट), म्हणजे १९३२ सालचा. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोन वास्तुविशारदांनी आजूबाजूच्या सगळ्या जुन्या विहिरींचा कोळसा एकाच ठिकाणी वर काढण्याची ही योजना आखली. दिवसाला १२,००० टन कोळसा उचलण्याची तिची क्षमता होती. २३ डिसेंबर १९८६ रोजी खाण बंद झाली. महत्त्वाची बाब अशी की त्याच डिसेंबरमध्ये, भंगारवाले दाराशी येण्यापूर्वी, तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि जमीन राज्य सरकारने घेतली. शेजारचा, कोळसा भाजून कोक हे भट्टीचे इंधन तयार करण्याचा कारखाना १९६१ मध्ये सुरू होऊन १९९३ मध्ये बंद पडला. तो सुटा करून चीनला विकण्याच्या वाटाघाटीही झाल्या होत्या, पण त्या फिसकटल्या आणि ३०४ भट्ट्यांची ती लांबच लांब रांग जागेवर राहिली. २००१ साली युनेस्कोने खाण व कोक कारखाना दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

आता मुद्द्याकडे येतो. १९३२ च्या या इमारती पोलादी सांगाड्यात अर्ध्या विटेची भिंत भरून उभारलेल्या आहेत. यंत्रांवर पाऊस पडू नये एवढेच त्या भिंतींचे काम होते, कारण आत माणसे बसणार नव्हती. अशा भिंतीला जर्मनीच्या हिवाळ्यात आतून ऊब देणे म्हणजे गाळणीत पाणी भरणे. त्यामुळे येथे पहिला खरा निर्णय झाला तो कोणती इमारत उबदार करायची नाही, याचा. १९८९ ते १९९९ या काळात राज्याने राबवलेल्या एम्शर पार्क या बांधकाम प्रदर्शनाच्या कार्यक्रमात कार्ल गान्झर यांच्या पुढाकाराने खोऱ्यातील अनेक बंद कारखाने वाचले. त्या मंडळींची रीत अशी होती की आधी छप्पर आणि पन्हळी दुरुस्त करायच्या, वास्तू कोरडी व सुरक्षित करून ठेवायची, आणि उपयोग सापडेपर्यंत थांबायचे. एका इमारतीला भाडेकरू मिळाला की तिचे काम काढायचे, बाकीच्या तशाच ठेवायच्या. त्सोलफेराइनच्या कित्येक जागांत आजही हिवाळ्यात कोट घालूनच फिरावे लागते, आणि मार्गदर्शक ते आधीच सांगून टाकतो.

जेथे उपयोग बदलला तेथेही एकच एक पद्धत दिसत नाही. बॉयलर-घराचे रूपांतर नॉर्मन फॉस्टर यांनी १९९७ मध्ये डिझाइन संग्रहालयात केले. तेथे एक बॉयलर जसाच्या तसा ठेवून नव्या वस्तू गंजलेल्या लोखंडाच्या अंगाखांद्यावर मांडल्या आहेत. कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत रेम कूलहास यांच्या संस्थेच्या आराखड्यानुसार रूर संग्रहालय आले आणि २०१० मध्ये, हा प्रदेश युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, ते उघडले. नारिंगी उजेडाच्या सरकत्या जिन्याने प्रेक्षक थेट २४ मीटर उंचीवर पोहोचतो आणि मग मजल्यामजल्याने खाली उतरतो, कारण कोळसाही पट्ट्यावरून वर जाऊन असाच खाली येत असे. मात्र संग्रहालय म्हटले की तापमान आणि आर्द्रता सांभाळावी लागते. त्यासाठी या इमारतीच्या बाह्य भिंतीत उष्णतारोधक थर घालून ती नव्याने करावी लागली आणि मूळ पातळ भिंतीचा साधेपणा गेला, अशी टीका संवर्धन क्षेत्रातील जाणकारांनी केली. ती टीका मला रास्त वाटते. धुळीच्या आणि कंपनांच्या कामासाठी बांधलेल्या इमारतीत कागदपत्रे, कापड, चित्रे ठेवण्याचा हट्ट धरला की वास्तू वाचते, पण अर्धी नवीनच होते.

उलट उदाहरण आंघोळघराचे आहे. पाळी संपली की हजारो माणसे येथे अंग धूत. रोजचे कपडे आकड्याला अडकवून साखळीने छताशी ओढून ठेवायचे आणि साखळीला कुलूप लावायचे अशी पद्धत होती. जागाही वाचे आणि वर कपडे सुकतही. आता या इमारतीत ‘पाक्ट’ हे नृत्य आणि प्रयोगशील रंगभूमीचे केंद्र आहे. भिंतीवरच्या फरशा आणि साबण ठेवायचे कोनाडे तसेच आहेत, आणि त्या फरशांच्या दालनांत जगभरचे नर्तक तालमी करतात. मुळातच माणसांसाठी, पाण्यासाठी आणि उबेसाठी बांधलेली ही इमारत असल्यामुळे नव्या उपयोगाला ती फारशी मोडतोड न करता जुळली. जुन्या कारखान्यात कोठे काय करावे याचे उत्तर बहुधा तेथे पूर्वी काय होत असे यातच असते.

एक नवे बांधकामही सांगण्यासारखे आहे. आवाराच्या कडेला ‘साना’ या जपानी वास्तुविशारद संस्थेने २००६ मध्ये व्यवस्थापन व डिझाइनच्या शाळेसाठी काँक्रीटचा एक शुभ्र चौकोनी ठोकळा उभा केला. खाण बंद झाली तरी खाली साचणारे पाणी उपसत राहावे लागते. सुमारे १,००० मीटर खोलीवरून येणारे हे पाणी कोमट असते. त्याची उष्णता भिंतींत पुरलेल्या नळ्यांमधून फिरवली, आणि त्यामुळे उष्णतारोधक थराशिवाय, केवळ ३० सेंटिमीटरच्या काँक्रीटमध्ये ही इमारत उबदार राहू शकली. एरवी नदीत सोडून दिलेली ऊब कामी आली. ज्या शाळेसाठी हे सगळे केले ती शाळा मात्र दोनेक वर्षांतच गुंडाळली गेली आणि आता तेथे फोल्कवांग कला विद्यापीठ आहे. इमारत उत्तम आणि संस्था कच्ची, असा हा प्रकार झाला.

पैशाचे विचाराल तर १९९८ मध्ये स्थापन झालेला न्यास आवार सांभाळतो आणि त्यामागे राज्य व स्थानिक संस्थांचा पैसा आहे. मोठ्या बांधकामांना युरोपीय निधीही मिळाला. आवारात फिरायला शुल्क नाही, संग्रहालयाला तिकीट आहे. वर्षाला सुमारे १५ लाख लोक येतात असे सांगितले जाते, तरी केवळ तिकिटावर हे चालत नाही आणि चालेल असे कोणी म्हणतही नाही. माझा प्रश्न काळाचौकीबद्दल आहे. तेथील आराखड्याची चर्चा कारंजी, भित्तिचित्रे आणि प्रकाशयोजनेभोवती फिरते. उद्घाटनानंतरच्या दहाव्या पावसाळ्यात त्या छपराची जबाबदारी कोणाच्या खात्यावर असेल, यावर जाणकारांनी लिहावे.


साचाखाता यांचा प्रतिसाद

लेख सविस्तर आहे, धन्यवाद. माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे साच्यांवर (यंत्रमागांवर) कापड विणण्याच्या विभागात होते, त्यामुळे या विषयाकडे तटस्थपणे पाहणे मला जमणार नाही, हे आधीच सांगतो.

खाणीतल्या कामगारांचे पुढे काय झाले, याविषयी आपण एक शब्दही लिहिलेला नाही. गिरणगावात कोणतेही संग्रहालय उभे राहिले तरी तेथे येणारा जुना माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. घरांसाठी, देण्यासाठी लोक आजही अर्ज घेऊन फिरत आहेत. दत्ता इस्वलकरांनी १९८९ पासून बंद गिरणी कामगार संघर्ष समितीच्या माध्यमातून हा लढा चालवला आणि २०२१ मध्ये ते गेले, तेव्हाही तो पुरा झालेला नव्हता. अशा जागेत ‘सांस्कृतिक केंद्र’ हा शब्द ऐकला की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते मी पाहिलेले आहे.

दुसरे असे की गिरणगावाला संस्कृती बाहेरून आणून देण्याची गरज कधीच नव्हती. पाळीवरून सुटलेल्या माणसांनीच भजनी मंडळे, दशावताराची मंडळे, तालमी, गणेशोत्सव आणि कामगार रंगभूमी चालवली. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे कलापथक याच वस्तीत गाजले आणि नारायण सुर्वे याच गिरण्यांच्या भोंग्यांत वाढले. तेव्हा केंद्रात कोणाला जागा मिळणार, हे छपराइतकेच महत्त्वाचे आहे.


रूरकाठचा

साचाखाता, आपला प्रश्न योग्य आहे आणि तेथेच दोन्ही ठिकाणांमधील सर्वांत मोठी तफावत आहे. जर्मनीत कोळसा खाणी टप्प्याटप्प्याने बंद झाल्या. शेवटची, बोट्रोप येथील प्रोस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. एवढ्या दशकांत कामगारांना सरसकट रस्त्यावर काढले गेले नाही, कोणाला दुसऱ्या खाणीत घेतले तर कोणाला वेळेआधी निवृत्तिवेतन मिळाले. त्यामुळे खाणीविषयी हळहळ आहे, पण तिला फसवणुकीची धार नाही. आवाराची माहिती देणाऱ्यांत जुने खाणकामगार असतात, आणि यंत्र कसे चालायचे याऐवजी त्या आवाजात दिवसभर एकमेकांशी बोलायचे कसे, असल्या गोष्टी ते सांगतात.

मात्र सगळे गोड आहे असे नाही. खाणीभोवतीची काटेर्नबेर्ग ही वस्ती एसेनच्या गरीब उत्तर भागात येते. शहराच्या मधून जाणाऱ्या महामार्गाच्या दक्षिणेला सुखवस्तू आणि उत्तरेला कष्टकरी, अशी येथे सरळ फाळणी आहे. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या अनेक कुटुंबांची पुढची पिढी याच उत्तर भागात राहते. संग्रहालयात येणाऱ्यांत दक्षिणेकडचे आणि परगावचे जास्त दिसतात, हे माझे निरीक्षण. वस्तीतली मुले खरी जमतात ती कोक कारखान्यात. तेथे २००१ मध्ये दोन कलाकारांनी मालवाहू कंटेनर जोडून पोहण्याचा एक लहानसा तलाव केला. उन्हाळ्यात तो फुकट असतो, आणि हिवाळ्यात भट्ट्यांच्या रांगेला समांतर बर्फावर घसरण्याची पट्टी तयार करतात. एवढ्या मोठ्या खर्चाच्या आवारात शेजाऱ्यांना सर्वांत आपली वाटणारी वस्तू कंटेनरची असावी, यातून नियोजनकर्त्यांनी काय ते समजून घ्यावे.


आकडेमोड यांचा प्रतिसाद

तुलना वाचायला चांगली आहे, पण तिच्यात मूलभूत अडचण आहे, आणि ती न मांडता पुढे जाणे बरोबर होणार नाही.

रूर खोऱ्यात १९८६ साली जमिनीला गिऱ्हाईकच नव्हते. खाली पोकळ झालेली, वर खचलेली, डांबर मुरलेली शंभर हेक्टर जमीन विकत घेऊन कोण काय बांधणार? सरकारने ती घेतली, त्यात दूरदृष्टी होती हे मान्य, पण स्पर्धा नव्हती हेही तितकेच खरे. मुंबईत गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती आणि तीही शहराच्या पोटात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीची जमीन विकसित करायची झाल्यास साधारण एक वाटा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक म्हाडाच्या घरांना आणि एक मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि हे वाटे संपूर्ण जमिनीचे न होता केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचे होतील असे ठरले. गिरणी म्हणजे बहुतांशी बांधकामच, त्यामुळे शहराच्या वाट्याला आले ते तुकडे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्येच या सगळ्या जमिनींचा एकत्रित विचार करावा असे सुचवले होते, पण प्रत्येक गिरणीचा हिशेब वेगवेगळा झाला.

या पार्श्वभूमीवर काळाचौकीचे सुमारे ११ एकर हे उरलेसुरले आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यावर सगळ्यांच्या अपेक्षांचे ओझे आहे. त्सोलफेराइनला थांबणे परवडले, कारण रिकामी जागा पडून राहिली तरी कोणाचे नुकसान नव्हते. मुंबईत इमारत ‘कोरडी करून ठेवा आणि उपयोगाची वाट पाहा’ असे म्हणालात, तर वाट पाहण्याच्या काळात ती जागा दुसऱ्याच कोणाच्या आराखड्यात जाऊन बसते.


पन्हळ यांचा प्रतिसाद

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. छपराचा प्रश्न निघाला आहे म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो, बाकी राजकारण जाणकारांवर सोडतो.

गिरण्यांच्या विणकाम विभागाचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. त्यामुळे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि कापडातला दोष नजरेला पडतो. विजेचा दिवा न लावता शेकडो माणसांनी काम करावे यासाठी केलेली ही व्यवस्था आहे. चित्रप्रदर्शन, वाचनालय, हातमागाची कार्यशाळा यांना याहून चांगला उजेड नाही. पुढची गंमत अशी की काच उत्तरेला असल्यामुळे दात्याची उतरती बाजू आपोआप दक्षिणेला येते, आणि मुंबईच्या अक्षांशावर सौर पट्ट्या बसवायच्या त्या दक्षिणेलाच. जुन्या छपराचा सांगाडा जादा वजन पेलेल की नाही हे तपासावे लागते, पण दिशा मात्र बांधणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेली आहे.

आता दुखणे. दोन दात्यांच्या मध्ये जी खाच असते तिच्यात पन्हळ असते आणि सगळ्या छपराचे पाणी तिच्यात उतरते. अनेक जुन्या गिरण्यांत हे पाणी खाली नेण्यासाठी वेगळा नळ नसतो. आतला बिडाचा खांब पोकळ असतो आणि छप्पर तोलणे व पाणी वाहून नेणे ही दोन्ही कामे तो एकटा करतो. गिरणी बंद पडली की पन्हळीतला कचरा काढणारा माणूस पहिल्यांदा कमी होतो. कबुतरांची विष्ठा, पाने, मग पिंपळाचे रोप. खांबाचे तोंड बुजते, पाणी आत कोंडते आणि खांब आतून गंजत जातो, पण बाहेरून रंग शाबूत असतो. अशा खांबावर नुसते बोटांनी वाजवून पाहिले तरी बुजलेल्या उंचीपर्यंत आवाज भद्द येतो आणि वर मोकळा येतो. त्याच पाण्याने सागवानी तुळईचे भिंतीत बसवलेले टोक कुजते. तुळई मध्यभागी ठणठणीत असते, म्हणून पाहणीत ती ‘चांगली’ म्हणून लिहिली जाते.

रूरच्या मंडळींनी आधी छप्पर दुरुस्त केले, हे वाचून बरे वाटले. आपल्याकडे निविदा काढताना छप्पर, पन्हळ आणि पाण्याचा निचरा ही स्वतंत्र व पहिली बाब नसतेच, ती ‘किरकोळ दुरुस्ती’त जाते. भित्तिचित्राला मात्र स्वतंत्र तरतूद असते. आणखी एक गोष्ट सांगतो. जर्मनीत प्रश्न उबेचा आहे, आपला प्रश्न ओल आणि गरमा या दोन्हींचा आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून वातानुकूलन बसवले की ओल भिंतीत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो. उंच दालने, वरच्या झडपा आणि पंखे यांवर जेवढा भाग चालवता येईल तेवढा चालवावा. जुने कापड आणि कागद ठेवण्यासाठी आत एक वेगळी, लहान, घट्ट बंद खोली करावी आणि यंत्राने थंड करायची तेवढीच.


एम्प्रेसकाठी यांचा प्रतिसाद

नागपूरकर म्हणून दोन ओळी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. आज त्या जागेचे नाव टिकले आहे ते मॉलच्या पाटीवर. आमच्या शहरात एवढ्या जुन्या गिरणीचे काहीतरी सार्वजनिक व्हावे अशी मागणी वेळीच जोर धरू शकली नाही, कारण तोपर्यंत सगळ्यांचे लक्ष थकलेल्या देण्यांकडे होते, आणि ते स्वाभाविकही होते. आकडेमोड यांचा मुद्दा मुंबईपुरता नाही, एवढेच नोंदवायचे आहे.


फिनॉल यांचा प्रतिसाद

जमिनीखाली काय आहे, याकडे कोणीच वळलेले नाही. कोक कारखान्यात कोळसा भाजताना निघणारा वायू थंड करून त्यातून डांबर, बेंझॉल आणि अमोनिया काढत असत, त्यामुळे त्या बाजूची माती दशकानुदशके मुरलेली असते. कापड गिरणीचा ताळेबंद त्यामानाने सौम्य असला तरी कोरा नाही. रंगखाते आणि विरंजनाच्या हौदांभोवती दाहक सोडा, क्रोमियमयुक्त रंगद्रव्ये आणि भट्टीचे तेल मुरलेले असू शकते. नंतरच्या काळात बसवलेले छपराचे पत्रे आणि वाफेच्या नळांवरचे वेष्टन यांत ॲस्बेस्टॉस असतो. काळाचौकीच्या आवारातल्या तळ्याकाठी मुले खेळणार असतील तर गाळाची तपासणी आधी हवी.

या बाबतीत त्सोलफेराइनपेक्षा शेजारच्या डुइसबुर्गचे उदाहरण मला अधिक उपयोगी वाटते. तेथील माइडरिश लोखंड कारखान्याच्या झोतभट्ट्या १९८५ मध्ये विझल्या, आणि पीटर लात्स यांनी त्या जागेचे उद्यान केले. सगळी माती खणून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकण्याऐवजी अतिदूषित भाग जुन्या बंकरांत भरून बंद केला, कमी दूषित भागावर जे उगवेल ते उगवू दिले आणि काही ठिकाणी माणसांना जाऊच दिले नाही. आवारातून वाहणारे सांडपाणी नळात घालून वरच्या कालव्यात छपरांचे पावसाचे पाणी सोडले, आणि ते उचलण्यासाठी पवनचक्की लावली. गॅसची जुनी टाकी पाण्याने भरून तिच्यात पाण्यात बुडी मारणाऱ्यांचे प्रशिक्षण चालते, ही गोष्ट पर्यटकांना आवडते. मला मात्र तो कालवा अधिक आवडतो.

‘शाश्वत’ हा शब्द आपल्याकडे सौर दिव्यांपाशी संपतो. उभी इमारत न पाडणे हीच सर्वांत मोठी बचत असते, कारण तिच्यातील वीट, लोखंड आणि चुना भाजण्याचे इंधन केव्हाच जळून गेलेले आहे. नवी बांधायची म्हणजे ते पुन्हा जाळायचे.


रंगपट यांचा प्रतिसाद

हौशी नाटकवाल्यांच्या बाजूने लिहितो. परळ-लालबाग परिसरात तालमीला परवडणारी जागा मिळणे किती अवघड झाले आहे, हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा. महापालिकेच्या शाळांचे वर्ग, एखाद्या मंडळाची खोली, नाहीतर कोणाच्या तरी सोसायटीची गच्ची. त्यामुळे पाक्टविषयी वाचताना मला नाट्यगृहापेक्षा त्यातली तालमीची दालने महत्त्वाची वाटली. काळाचौकीत ८०० आसनांचे चकचकीत सभागृह बांधले तर त्याचे भाडे आम्हाला झेपणार नाही, आणि लग्नाच्या हंगामात ते आमच्या हाती लागणारही नाही. त्याऐवजी साचाखात्याच्या एका दालनात लाकडी जमीन, पडदे, पंखे, वीजजोडणी आणि सामान ठेवायला जाळीची कोठारे एवढेच करावे. नाटक, भजन, दशावतार, लेझीम, सगळ्यांची सोय होईल आणि इमारतीला हातही फारसा लागणार नाही.

एक सावधगिरीची सूचना. गिरणीच्या आवारात गर्दी आणायची तर बाहेर पडण्याचे मार्ग आधी मोजावेत. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. मालाची ने-आण आणि कामगारांची एका दाराने शिस्तीत सुटणारी पाळी यांसाठी आखलेल्या जागेत अंधारात, मोठ्या आवाजात, जागेची माहिती नसलेली माणसे आणणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.


साचाखाता

रंगपट यांच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन. तिला एक जोड देतो. ज्यांनी १९८२ पूर्वी प्रत्यक्ष साचा चालवला त्यांतले सर्वांत तरुण लोकही आता साठी केव्हाच ओलांडून गेले आहेत. संग्रहालय पुरे झाल्यावर त्यांच्या मुलाखती घेऊ, असे ठरवले तर मुलाखत द्यायला कोणी असेल का? यंत्र पुढेमागे दुसरीकडूनही आणता येईल, पण तुटलेला धागा चालत्या साच्यावर कसा सांधायचा, हे दाखवणारा हात आणता येणार नाही. दोन-चार साचे दुरुस्त करून, जुन्या कामगारांना मानधन देऊन, तरुण मुलांना त्यांच्या हाताखाली शिकवावे. हे काम छपराची वाट न पाहता आजही एखाद्या शेडमध्ये सुरू करता येईल.


रूरकाठचा

सर्वांचे आभार. आकडेमोड यांचा मुद्दा मी स्वीकारतो. गिऱ्हाईक नसणे हे त्सोलफेराइनचे भाग्य होते, आणि ‘थांबा’ हा सल्ला मुंबईत तसाच्या तसा चालणार नाही. पण त्यावरचा उतारा घाईने सगळे एकदम बांधणे हा नसून लगेच वापर सुरू करणे हा असावा असे वाटते. रंगपट यांचे तालमीचे दालन आणि साचाखाता यांचे चार साचे ही दोन्ही कामे कमी खर्चात सुरू होतात. ज्या जागेत रोज दीडशे माणसे येतात ती जागा आराखड्यातून गुपचूप काढून घेणे अवघड असते.

कायमच्या भाराविषयी एक नोंद राहिली होती. रूर खोऱ्याखालचे पाणी उपसणे कधीच थांबवता येणार नाही, कारण खोदकामामुळे जमिनीचे काही पट्टे वीस मीटरहूनही अधिक खचले आहेत आणि पंप बंद पडले तर तेथे तळी होतील. या कायमच्या खर्चासाठी २००७ मध्ये वेगळा न्यास स्थापन करून त्याच्याकडे कोळसा कंपनीची गुंतवणूक सोपवली, आणि खाणकाम संपल्यावर २०१९ पासून त्याच्या उत्पन्नातून पंप चालतात. संग्रहालयांचा खर्च यातून भागत नाही, तो वेगळा आहे. पण ‘हा खर्च कधीच संपणार नाही’ असे कागदावर मान्य करून त्याची तरतूद आधी करून ठेवणे, ही कल्पना काळाचौकीच्या छपरालाही लागू पडते. आवाराच्या एखाद्या कोपऱ्याचे भाडे, ते कितीही लहान असो, देखभालीच्या निधीतच जमा होईल असे पहिल्याच ठरावात लिहून घ्यायला हवे. एकदा ते पालिकेच्या सर्वसाधारण उत्पन्नात गेले की पन्हळीपर्यंत परत येत नाही.

पन्हळ यांना एक प्रश्न. हरकती व सूचना पाठवायच्या झाल्यास छपराच्या पाहणीबद्दल नेमके काय मागावे?


पन्हळ

तीन गोष्टी मागा. पहिली, पाहणी जुलै महिन्यात व्हावी. आपल्याकडे सगळ्या पाहण्या जानेवारीत होतात, छप्पर कोरडे असताना, आणि अहवालात ‘गळतीच्या जुन्या खुणा’ असे मोघम लिहिले जाते. भर पावसात दालनात उभे राहून पाणी कोठून शिरते ते नकाशावर खुणावले की अर्धे निदान झाले. दुसरी, बिडाच्या प्रत्येक खांबाला क्रमांक देऊन तो पोकळ आहे की भरीव, आणि पोकळ असल्यास त्यातून पाणी वाहते की नाही, याची नोंद करावी. बुजलेल्या खांबांच्या बाहेरून स्वतंत्र नळ काढून द्यावा आणि आतला मार्ग कायमचा बंद करावा. तिसरी, तुळयांची टोके भिंतीतून उघडी करून पाहावीत, निदान दर पाचव्या तुळईचे तरी. यासाठी चौकटीतल्या चार विटा काढाव्या लागतात आणि त्या चुन्यात परत बसवता येतात.

मसुदा मी लिहून देतो. गिरणीचा मूळ नकाशा कोणाकडे असल्यास व्यक्तिगत निरोपातून कळवावे, म्हणजे दात्यांची संख्या आणि पन्हळींची लांबी अंदाजाने लिहावी लागणार नाही.


साचाखाता

नकाशा नाही, पण साचाखात्यात बारा वर्षे काढलेले आमच्या चाळीतले एक काका खांब ओळीने आठवून सांगू शकतात. कोणत्या खांबापाशी पावसाळ्यात बादली ठेवावी लागे, तेही. रविवारी त्यांच्याकडे बसून कागदावर उतरवून घेतो आणि येथे टाकतो.